सतरा नंबरचा फॉर्म आणि माझं जुनं नाव

दाखला काढायला गावच्या शाळेत गेले. कारकुनांनी नाव विचारलं. मनीषा, म्हटलं. त्यांनी १९९२-९३ चं जनरल रजिस्टर दोनदा चाळलं, नववीत या नावाची मुलगीच नव्हती. मी जरा वेळ गप्प उभी राहिले. मग म्हटलं, "मालन बघा."

१९९६ साली माझ्या लग्नात ताटातल्या तांदळावर अंगठीने मनीषा लिहिलं आणि मालन माहेरी राहिली. आई गेल्यावर तर त्या नावाने हाक मारणारंही कुणी उरलं नाही. रजिस्टरात मात्र ती होती. जन्मतारीख १ जून. आमच्या निम्म्या वर्गाची तीच होती, गुरुजींनी टाकलेली.

वयाच्या शेहेचाळिसाव्या वर्षी दहावीला बसायचं कारण साधं होतं. तालुक्याला शिवण शिकवायची एक जागा होती आणि त्यांना दहावी पास बाई हवी होती. पंचवीस वर्षं मी ब्लाउज शिवते, कटोरी न आखता कापते, आणि अडले कुठे तर कागदावर.

बाहेरून परीक्षा द्यायची तर सतरा नंबरचा फॉर्म ऑनलाइन भरावा लागतो, मग तो अर्ज, मूळ दाखला, आधार आणि फोटो घेऊन संपर्क केंद्र म्हणून नेमलेल्या शाळेत जायचं. फॉर्म भरून देणाऱ्या मुलाने आधार बघून मनीषा टाकलं. केंद्रावरच्या मॅडमनी तिथेच थांबवलं. "दाखल्यावर आहे तेच नाव लागेल, ताई. निकालावरही तेच येईल." दोन हेलपाटे वाढले. पण घरी येताना एसटीत मी ते नाव मनातल्या मनात म्हणत होते, हेही खरं.

अभ्यास रात्री, दुकानाचं शटर ओढल्यावर. पुस्तकं बालभारतीच्या साइटवर फुकट मिळतात, लेकीने मोबाइलवर उतरवून दिली. बीजगणिताने रडवलं. दोन चलांतली समीकरणं सुटेनात, लेक म्हणायची, "आई, आधी एक चल घालव." अर्थनियोजनाच्या धड्यात जीएसटी आला तेव्हा जीवात जीव आला, कारण अस्तर आणि हुकांची बिलं मी रोज बघते. इतिहास आमच्या वेळेसारखा राहिलेला नाही. खेळांचा इतिहास, पर्यटन, प्रसारमाध्यमं, आणि इतिहास लिहितात कसा यावरच दोन अख्खे धडे. ते मी परीक्षेपुरते नाही, आवडीने वाचले. इंग्रजीची भीती शेवटपर्यंत गेली नाही. वीस-वीस गुण केंद्रातल्या तोंडी परीक्षा, स्वाध्याय, प्रात्यक्षिकांचे असतात. ते सोडू नका. बाहेरून बसणाऱ्या पुष्कळ जणी ते हलक्यात घेतात.

१ मार्च २०२४, मराठीचा पेपर, अकराला सुरू. माझ्या पुढच्या बाकावरचा मुलगा माझ्या धाकट्या भाच्याच्या वयाचा. मला त्याने पर्यवेक्षकच समजून उठून जागा दिली. मग खरे पर्यवेक्षक आले, हॉलतिकिटं तपासत माझ्यापाशी थांबले आणि मोठ्याने वाचलं, "मालन?" आईनंतर पहिल्यांदाच कुणीतरी ते नाव घेतलं होतं. "हजर" म्हणताना घसा दाटून आला. त्या पेपरला शेवटची वाढीव दहा मिनिटंही मी लिहीत होते.

२७ मे रोजी दुपारी एकला निकाल. लेकीने बैठक क्रमांक टाकला, मी मशीनवर पाय तसाच ठेवून बसले होते. ५८.२० टक्के. गणितात पन्नास. गुणपत्रिका हातात आली तेव्हा आधी गुण बघितलेच नाहीत. आमच्या बोर्डाच्या गुणपत्रिकेवर आईचं नाव छापतात. आई शाळेची पायरी चढली नव्हती. तिचं आणि माझं नाव एका कागदावर पहिल्यांदाच होतं.

तालुक्याची ती जागा तोवर भरली होती. वाईट वाटलं, अजूनही वाटतं. बारावी बाहेरून द्यायला दहावीनंतर दोन वर्षांचं अंतर लागतं, म्हणून २०२५ मध्ये पुन्हा सतरा नंबर भरला. फॉर्म भरून देणाऱ्या त्या मुलाने नाव विचारलं. मी सांगितलं, आणि दाखवायला गुणपत्रिका पुढे केली.