भाऊबीजेनंतर दरवर्षी तोच सिनेमा का?

तुम्ही विचारलंत म्हणून लिहिते आहे. दिवाळीला गावाकडं आलेली माझ्या शाळेतली जुनी मुलं विचारतात, शेजारच्या शाळेतले शिक्षक विचारतात आणि यंदा सरपंचबाईंनीही विचारलं: ‘मॅडम, दुनियाभरचे सिनेमे पडले हायेत. भाऊबीज झाली का तुमी दरसाल थो एकच इंग्रजी काहून दाखवता?’

तो सिनेमा म्हणजे १९९३ साली आलेला ‘ग्राउंडहॉग डे’. दिग्दर्शक हॅरॉल्ड रॅमिस, मुख्य भूमिकेत बिल मरे. आमचं गाव बुलढाणा जिल्ह्यात, जळगाव जामोद तालुक्यात, सातपुड्याच्या पायथ्याशी. मारुतीच्या देवळापुढच्या सभामंडपात पांढरी चादर ताणून बांधतो, प्रोजेक्टर लावतो आणि मी माईक हातात घेऊन सगळे संवाद वऱ्हाडीत सांगत जाते. सोयाबीन निघालेलं असतं, कापसाची वेचणी ऐन भरात असते. दिवसभर वेचून आलेल्या बाया पाय पसरून बसतात, पोरं पुढं, म्हातारी माणसं खांबाला टेकून.

गोष्ट सोपी आहे. फिल कॉनर्स हा पिट्सबर्गच्या एका टीव्ही वाहिनीवर हवामान सांगणारा माणूस. हुशार, जिभेचा तिखट आणि समोरच्याला कस्पटासमान लेखणारा. २ फेब्रुवारीच्या सणाची बातमी करायला त्याला पंक्सटॉनी नावाच्या लहान गावात जावं लागतं. त्या दिवशी तिथं ग्राउंडहॉगला बाहेर काढतात. हा बिळात राहणारा, खारीच्याच कुळातला, पण चांगला मांजराएवढा प्राणी. त्याला स्वतःची सावली दिसली तर थंडी आणखी सहा आठवडे राहणार, असं मानतात. पेनसिल्व्हेनियातल्या या गावी हा सण खरोखर होतो, गॉबलर्स नॉब नावाच्या जागी, १८८७ पासून. फिलला मात्र तो सण, ते गाव, ती माणसं, सगळ्याचाच तिटकारा. हिमवादळ आपल्याकडं वळणार नाही, असं तो टीव्हीवर ठासून सांगून आलेला असतो. वादळ येतं, रस्ते बंद होतात, मुक्काम पडतो. सकाळी सहाला घड्याळातला रेडिओ वाजतो आणि पुन्हा २ फेब्रुवारीच उजाडलेली असते. त्याच्या पुढच्या सकाळीही तेच. गावात कुणालाच कालचं काही आठवत नाही. आठवतं ते एकट्या फिलला.

हवामानवाल्याचा अंदाज चुकतो तिथं आमचा मंडप जो हसतो, तसं हसू कुठल्या शहरातल्या थिएटरात येत नसेल. पाऊस येणार म्हणून मृगात पेरलं आणि मग दुबार पेरणी करावी लागली, असा शेतकरी प्रत्येक ओळीत बसलेला असतो. शिवाय आमच्याच तालुक्यात भेंडवळ आहे. अक्षय्य तृतीयेच्या संध्याकाळी तिथल्या शेतात घट मांडतात. गोलात अठरा धान्यं, मधल्या खड्ड्यात पावसाच्या चार महिन्यांची चार ढेकळं, त्यावर पाण्यानं भरलेली घागर, घागरीवर पापड, सांडई, कुरडई, करंजी, बाजूला पानाचा विडा. रात्रभर तिकडं कुणी फिरकत नाही. पहाटे कुठलं ढेकूळ किती भिजलं, कुठला दाणा कुठं सरकला, ते पाहून त्या सालाचा पाऊस आणि पीकपाणी सांगतात. ही मांडणी चंद्रभान महाराज वाघांनी सुरू केली असं मानतात. तीनशेहून जास्त वर्षं झाली म्हणतात. अंधश्रद्धा निर्मूलनवाले तिच्यावर बोलतात, आणि माझंही त्यांच्याशी पटतं. तरी सूर्य उगवायच्या आत त्या शेताभोवती जमलेली गर्दी मी लहानपणापासून पाहिली आहे. त्यामुळं बिळातल्या प्राण्याभोवती जमलेलं ते अमेरिकेतलं गाव आमच्या लोकांना परकं वाटतच नाही. ‘हे तं भेंडवळच हाय!’ असं दरसाल कुणी ना कुणी ओरडतंच.

पण मी तो दाखवते ते हवामानासाठी नाही. सणासुदीच्या हलक्याफुलक्या सिनेमांत वाईट माणूस सुधारण्याची रीत जुनी आहे. चार्ल्स डिकन्सनं १८४३ मध्ये कंजूष म्हाताऱ्याची नाताळची गोष्ट लिहिली, तेव्हापासून ती चालत आली. त्या गोष्टीत भुतं येतात, म्हातारा आपलं मरण पाहून घाबरतो आणि नाताळच्या सकाळी बदललेला उठतो. गोष्ट गोड आहे, पण एका रात्रीत बदललेला माणूस मी पाहिलेला नाही. आपल्याकडं वाल्या कोळ्याची गोष्ट याहून खरी वाटते. माझ्या पापात वाटेकरी होता का, म्हणून त्यानं घरच्यांना विचारलं, घरच्यांनी नाही म्हटलं, आणि तो ‘मरा मरा’ म्हणत बसला, अंगावर वारूळ चढेपर्यंत. तेच ते पुन्हा पुन्हा करण्यातून माणूस घडतो, हे आपल्या गोष्टीला ठाऊक होतं. फिल कॉनर्सचं वारूळ म्हणजे ती २ फेब्रुवारी.

आणि तो लगेच सुधारत नाही, हे मला फार आवडतं. उद्या कुणाला काही आठवणार नाही हे कळल्यावर तो आधी चैन करतो. गाडी रेल्वेच्या रुळांवर घालतो, पैशाची थैली पळवतो, बायांना फसवतो. रीटा नावाची त्याची निर्माती आहे. तिला काय आवडतं ते रोज थोडं थोडं काढून घेतो आणि दुसऱ्या दिवशी आपल्यालाही तेच आवडतं असं दाखवतो. इथं मी सिनेमा थांबवते आणि मोठ्या मुलींशी बोलते. रीटाला कालचं काही आठवत नसतं, तरी रोज रात्री एका क्षणी तिला कळतं की इथं काहीतरी खोटं आहे, आणि ती त्याला थोबाडीत देते. एकामागून एक थोबाडीत. मुली टाळ्या वाजवतात. तुमची माहिती गोळा करणं आणि तुम्हाला समजून घेणं यातला फरक मी वर्गात समजावू गेले तर तास कमी पडेल. त्या थोबाडीत मारणाऱ्या हातानं तो दोन मिनिटांत समजतो.

त्यापुढची काही मिनिटं मी दाखवत नाही, हेही तुम्ही विचारलं होतंत. फिल निराश होतो आणि जीव द्यायला बघतो, पुन्हा पुन्हा, आणि सिनेमा ते हसत हसत दाखवतो. परदेशातल्या प्रेक्षकाला ते चालत असेल. आमच्या मंडपात अशा बाया बसलेल्या असतात, ज्यांच्या घरातला माणूस तसाच गेला. पडद्यावरच्या फिलला सकाळी सहाला जाग येते. त्यांच्या घरात ती सकाळ आलीच नाही. म्हणून मी तेवढा भाग पुढं सरकवते आणि माईकवर सांगते की याला जगणं नकोसं झालं होतं, आणि मग यानं पहिल्यांदाच कुणाला तरी खरं सांगितलं. रीटाला. ती दिवसभर त्याच्याजवळ राहते, ऐकून घेते. सिनेमा वळतो तो तिथं. ‘यानं कुणाला तरी खरं सांगितलं’ हे वाक्य मी दोनदा म्हणते, कारण मंडपात कुणाला ते त्याच वेळी ऐकायला हवं असेल, हे मला समोरून कळत नाही.

पुढं सगळ्यात सुंदर भाग येतो. फिल पियानो शिकायला जातो. शिकवणाऱ्या बाईंच्या लेखी तो रोज पहिल्याच दिवशी आलेला विद्यार्थी असतो. त्याचा हात कुठवर आला आहे ते एकट्या त्यालाच माहीत. शेवटी मेजवानीत तो सुरेख वाजवतो आणि त्या बाई अभिमानानं सांगतात की हा माझा विद्यार्थी. शिक्षक म्हणून तिथं माझा आवाज दरवेळी भरून येतो. किती दिवस गेले हे सिनेमात कुठंच सांगितलेलं नाही. मुलं आपापसांत वाद घालतात. भजनी मंडळात पेटी शिकणारा एक पोरगा म्हणाला, ‘मॅडम, दहा साल तरी पकडा. माही अजून गौळण नीट निंगत नाई.’

झाडावरून पडणारा एक मुलगा फिल रोज झेलतो. तो मुलगा उठून पळून जातो, कधी आभार मानत नाही, आणि फिल मागून ओरडतो की तू एकदाही आभार मानले नाहीस. रस्त्यावरचा एक म्हातारा भिकारी रोज रात्री मरतो. फिल त्याला गरम सूप पाजतो, दवाखान्यात नेतो, छाती दाबून श्वास देतो. म्हातारा तरीही मरतो. कितीही चांगलं वागलं तरी काही गोष्टी हातात येत नाहीत, हे या विनोदी सिनेमानं लपवलेलं नाही. आमची म्हातारी माणसं त्या वेळी खांबाला टेकलेली पाठ सरळ करून बसतात.

आता मुख्य कारण सांगते. आमच्या गावात एक काका आहेत, नाव सांगणार नाही. दारूत त्यांनी घरातली भांडी विकली, तुरीचे आलेले पैसे घालवले, बायकोला माहेरी काढून दिलं. मग सोडली. तिला परत आणलं. त्याला आता बराच काळ झाला आहे. पण किराणा दुकानात त्यांना उधारी मिळत नाही. पंगतीत वाढायला उभे राहिले की कुणीतरी जवळ जाऊन तोंडाचा वास घेतं. पोरीच्या सोयरिकीसाठी पाहुणे आले, तर ते घरी पोहोचायच्या आत पानठेल्यावरच त्यांना सगळा इतिहास सांगून झाला होता. एका वर्षी सिनेमा संपल्यावर चादर सोडायला काका मदतीला आले आणि घडी घालता घालता म्हणाले, ‘बाई, त्याचं बरं हाये. सकायी उठलं का समदं गाव ईसरून जाते. मले तं गाव रोज सकायी याद करून देते.’

तोवर मी हा सिनेमा फिलच्या बाजूनं सांगत होते: बघा, रोज तोच दिवस आला तरी माणूस बदलू शकतो. काकांनी मला तो गावाच्या बाजूनं दाखवला. पंक्सटॉनीचं गाव फिलला रोज सकाळी कोरी पाटी देतं. त्यानं काल कुणाला ठोसा मारला, कुणाला फसवलं, कुणाची टिंगल केली, काही शिल्लक राहत नाही. रस्त्यात गाठणारा तो विमा एजंट, त्याचा जुना वर्गमित्र, रोज तितक्याच आनंदानं हाका मारत येतो. फिलची मेहनत मोठी आहेच, पण त्या गावाचं विसरणंही तितकंच मोठं आहे, आणि ते त्याला फुकट मिळालं आहे. वाल्याचा वाल्मीकी झाला तोही अरण्यात. ज्यांना त्यानं लुटलं होतं, ती माणसं वारुळाशेजारी बसलेली नव्हती. आमच्या काकांना मात्र त्याच गल्लीत, त्याच पानठेल्यासमोरून, सगळं आठवणाऱ्या माणसांमधून रोज जावं लागतं.

तेव्हापासून दरवर्षी मी हे माईकवर सांगते. काकांचं नाव घेत नाही, पण कोणाबद्दल बोलते आहे ते मंडपाला कळतं, आणि काकांची त्याला हरकत नाही. मी त्यांना आधी विचारलं आहे. गेल्या साली बचत गटाच्या बायांनी पिठाच्या गिरणीची किल्ली आणि गल्ला त्यांच्या हवाली केला. सिनेमामुळं केला असं मी म्हणणार नाही, गिरणीवर बसायला माणूस मिळत नव्हता हेही खरं आहे. पण किल्ली द्यायचं ठरलं त्या बैठकीत एक बाई म्हणाली, ‘जाऊ द्या न आता काल‑परवाचं,’ आणि ते वाक्य मी दरवर्षी मंडपात जे पेरायचा प्रयत्न करते त्याच जातीचं होतं.

सिनेमात उणीवही आहे. रीटाचा स्वतःचा दिवस आपल्याला दिसत नाही. फिलला चांगलं व्हायला तिचा उपयोग होतो, तिला काय हवं ते मात्र त्याच्याच डोळ्यांनी कळतं. शेवटी ३ फेब्रुवारीची सकाळ उगवते तेव्हा तो तिला विचारतो की आज तुझ्यासाठी काही करू का, आणि तिथं मला थोडं समाधान वाटतं. पण तिची गोष्ट अर्धीच राहते, ती राहतेच.

शेवटचा प्रश्न तुमच्यापैकी एकानं विचारला होता: आपल्या भाषेत असा सिनेमा का होत नाही? करा की. सामान इथं तयार आहे. मुंबईच्या वाहिनीचा एक नाक मुरडणारा हवामानवाला अक्षय्य तृतीयेला भेंडवळला पाठवा. पहाटे भाकीत सांगून झालं की त्याच्यासाठी पुन्हा तीच पहाट उगवू द्या. त्याला वऱ्हाडी शिकू द्या, घटातली अठरा धान्यं ओळखू द्या, वेचणी करणाऱ्या बाईच्या बोटांना बोंडाचं टोक कसं टोचतं ते कळू द्या. फक्त एक गोष्ट उलटी करा. गावाला सगळं आठवत असू द्या. त्यानं काल काय केलं, परवा काय बोलला, सगळं. आणि मग ते गाव त्याला रोज सकाळी चहा विचारतं का, ते लिहा. संहिता पाठवलीत तर मंडपात आधी वाचून दाखवीन. काका पहिल्या ओळीत बसतील.