‘ला’ की ‘लेला’? इंग्रजी वाचनसरावाचा सातवा महिना

सातवा महिना रविवारी संपला. चुकांच्या वहीत आता १४६ नोंदी आहेत. पहिल्या तीन महिन्यांतल्या आणि नंतरच्या नोंदींत एक फरक आहे, आणि या वेळी मला मुख्यतः त्याबद्दलच लिहायचं आहे. आधी मी डाव्या पानावर चुकीचं वाक्य आणि उजव्या पानावर बरोबर वाक्य लिहायचे. चौथ्या महिन्यापासून त्याखाली तिसरी ओळ आली: ते वाक्य लिहिताना किंवा वाचताना मनात जे मराठी वाक्य उमटलं होतं, ते. जसं आलं तसं, न सुधारता. तीन महिने नियम पाठ करून जे कळलं नव्हतं, ते या तिसऱ्या ओळीने दाखवलं.

नव्याने सोबत आलेल्यांसाठी थोडक्यात सांगते. माझं शिक्षण मराठी माध्यमात, इंग्रजी पाचवीपासून. महाराष्ट्रात पहिलीपासून इंग्रजी २००० साली आलं, तोवर माझी शाळा संपली होती. बारावीनंतर इंग्रजी उरलं ते डब्यांवरच्या अक्षरांपुरतं, कारण कराडजवळ आमचं बी-बियाणं आणि फवारणीच्या औषधांचं दुकान आहे. रात्री नऊ ते दहा हा तास माझा. त्यात एक उतारा, त्यावरचे प्रश्न आणि वही.

सगळं बदललं ते पुरावरच्या एका उताऱ्याने. आम्ही कृष्णा-कोयनेच्या संगमाजवळची माणसं, ऑगस्ट २०१९ चं पाणी डोळ्यांनी पाहिलेलं. विषय ओळखीचा, शब्द एकही अडला नाही. वाक्य असं होतं: ‘द व्हिलेजेस वॉर्न्ड ऑन फ्रायडे मूव्ह्ड देअर कॅटल टू हायर ग्राउंड.’ प्रश्न होता, इशारा कोणाला मिळाला? मी लिहिलं, इशारा गावांनी दिला, कोणाला दिला ते उताऱ्यात नाही. उत्तर पूर्ण उलटं. इशारा गावांनाच मिळाला होता.

वहीत तिसरी ओळ लिहिली: ‘गावांनी शुक्रवारी इशारा दिला, जनावरं उंचावर नेली.’ त्याखाली बरोबर अर्थाची ओळ लिहिली: ‘शुक्रवारी इशारा दिलेल्या गावांनी आपली जनावरं उंचावर नेली.’ दोन्ही ओळी एकाखाली एक पाहिल्यावर चूक कुठे झाली ते लख्ख दिसलं. ‘दिला’ आणि ‘दिलेल्या’. मराठीत या दोघांची गल्लत होतच नाही. वाक्य पुरं करणारं क्रियापद ‘ला-ली-लं’ घेऊन येतं, नामाला चिकटणारं ‘लेला-लेली-लेलं’. इंग्रजीत दोघांचा चेहरा एकच: वॉर्न्ड. शाळेत धातुसाधित विशेषण म्हणून मी हेच पाठ केलं होतं, पण ते वाचताना कधी कामाला येईल असं वाटलं नव्हतं.

तेव्हापासून उताऱ्यातल्या अशा प्रत्येक क्रियापदाच्या डोक्यावर पेन्सिलीने ‘ला’ किंवा ‘लेला’ लिहायला लागले. तीनेकशे क्रियापदांनंतर हाताला जे लागलं ते सांगते. ज्यांची दुसरी आणि तिसरी रूपं वेगळी आहेत ती फसवत नाहीत. रोट, टुक, गेव्ह दिसलं की ‘ला’च. रिटन, टेकन, गिव्हन मागे ‘हॅव’ किंवा ‘बी’ची रूपं न घेता एकटं उभं असेल तर ‘लेला’च. खरं लक्ष द्यायचं ते ‘ईडी’वाल्या सगळ्यांकडे आणि सेंट, मेड, बिल्ट, टोल्ड, फाउंड, हेल्ड, लेफ्ट, पुट, कट यांच्याकडे. तिथे मी दोन प्रश्न विचारते. पहिला, पुढे ‘अँड’ नसताना आणखी एक क्रियापद येतंय का? एका कर्त्याला जोडशब्दाशिवाय दोन ‘ला’ नसतात, म्हणजे पहिलं ‘लेला’. दुसरा प्रश्न जास्त खात्रीचा: कर्म कुठे आहे? ‘वॉर्न’ म्हटलं की कोणाला तरी इशारा द्यावा लागतो. वॉर्न्डच्या मागोमाग थेट ‘ऑन फ्रायडे’ आलं, माणूस आलाच नाही, तर ते क्रियापद वाक्य चालवत नाही.

आपण मराठी वाचणारे इथे का घसरतो, याबद्दल माझा एक अंदाज आहे. आपल्याकडे क्रियापद शेवटी येतं. वाक्यभर आपण थांबलेलो असतो आणि क्रियापद आलं की सुटकेचा श्वास टाकतो. इंग्रजी वाचताना तीच सवय पहिल्या भेटेल त्या क्रियापदाला मिठी मारते. म्हणून आता मी लांब वाक्यात आधी खरं क्रियापद शोधते, मग कर्ता, आणि मधला मजकूर शेवटी वाचते. ‘द मॅन स्टँडिंग नियर द वेल’ यातलं ‘स्टँडिंग’ म्हणजे ‘उभा असलेला’, हेही याच कुळातलं. पण ते ओळखायला सोपं आहे.

दुसरी मोठी नोंद ‘होते’ची. लिहिण्याच्या सरावात मी लिहिलं होतं: ‘लास्ट इयर आय हॅड गॉन टू पंढरपूर.’ तिसरी ओळ: ‘गेल्या वर्षी मी पंढरपूरला गेले होते.’ हे मराठी वाक्य अगदी बरोबर आहे. आपण जुनी, होऊन गेलेली, जाऊन परत आलेली गोष्ट ‘होते’ लावून मागे ठेवतो. इंग्रजीतलं ‘हॅड’ मात्र एकटं येत नाही. त्याला भूतकाळातली दुसरी घटना लागते, जिच्या आधी हे घडलं. नुसतं पंढरपूरला जाऊन येणं सांगायचं तर ‘आय वेंट’. वहीत ही चूक ११ वेळा आहे, आणि अकराही वेळा तिसऱ्या ओळीत ‘होते’ किंवा ‘होता’ आहे.

याचा वाचनात झालेला फायदा लिहिण्यापेक्षा मोठा आहे. उताऱ्यात ‘हॅड’ दिसलं की मी दुसरी घटना शोधते आणि दोन्हींवर १ आणि २ असे आकडे टाकते. ‘बाय द टाइम द डॉक्टर केम, द फीवर हॅड गॉन.’ ताप १, डॉक्टर २. घटनांचा क्रम लावा हा प्रश्न पूर्वी माझा हमखास चुकायचा. या महिन्यात एकदाही चुकला नाही.

छोट्या नोंदी पटापट सांगते. ‘त्याला विचारलं’ मधला ‘ला’ मला ‘आस्क्ड टू हिम’ लिहायला लावायचा, तिथे ‘टू’ नको. ‘दहा वर्षांपासून’ मधल्या ‘पासून’मुळे ‘सिन्स टेन इयर्स’ यायचं. मुदत मोजायची असेल तर ‘फॉर’, सुरुवातीचा क्षण सांगायचा असेल तर ‘सिन्स’. ‘माझे केस’ अनेकवचनी, पण ‘माय हेअर’ एकवचनी. ‘माहिती’चं अनेकवचन आपणही करत नाही, त्यामुळे ‘इन्फर्मेशन’ला ‘एस’ लावायचा नाही हे आता विसरत नाही.

‘अंटिल’वर मात्र थांबायला हवं. ही नोंद दुकानातली आहे. ओळखीचे एक शेतकरी नव्या औषधाचं माहितीपत्रक घेऊन आले. म्हणाले, ‘वहिनी, बारीक अक्षर आहे, जरा वाचून सांगा.’ मराठी मजकूर मी वाचून दाखवला. मग रात्री तेच माहितीपत्रक उताऱ्यासारखं समोर घेतलं आणि मराठी बाजू झाकून इंग्रजी वाचलं. फवारा सुकेपर्यंत शेतात जाऊ नका, या अर्थाचं वाक्य होतं. मग ते न बघता स्वतः लिहिलं: ‘डू नॉट एंटर द फील्ड अंटिल द स्प्रे डज नॉट ड्राय.’ तिसरी ओळ: ‘जोपर्यंत फवारा सुकत नाही तोपर्यंत शेतात जाऊ नका.’ आपल्या ‘जोपर्यंत’ला ‘नाही’ लागतं. ‘अंटिल’ला लागत नाही, तिथे नुसतं ‘अंटिल द स्प्रे ड्राइज’. पण आपल्याकडेच ‘फवारा सुकेपर्यंत’ असंही म्हणतात, आणि त्यात ‘नाही’ नाही! तेव्हापासून ‘अंटिल’ आलं की मनात ‘जोपर्यंत’ येऊ न देता ‘-ईपर्यंत’ आणते: सुकेपर्यंत, येईपर्यंत, संपेपर्यंत. चूक थांबली. इंग्रजीला जवळचा मराठी साचा आपल्याकडे बहुतेक वेळा असतोच. आपण शाळेत भाषांतरासाठी शिकलेला दुसराच साचा घेऊन बसतो.

आता उताऱ्याच्या प्रश्नांविषयी. पहिलं वाचन पेन न घेता, आणि त्यानंतर दोन मराठी वाक्यांत सार. दुसरं वाचन पेन्सिलीने. मग उत्तरं, आणि प्रत्येक उत्तरासाठी उताऱ्यातल्या शब्दांवर प्रत्यक्ष बोट ठेवायचं. बोट ठेवायला जागा सापडली नाही तर ते उत्तर उताऱ्याचं नाही, माझ्या डोक्यातलं आहे. ही शिस्त कोयनेच्या उताऱ्याने लावली. ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटेचा भूकंप आमच्या भागात घरोघरी सांगितला जातो. सासूबाईंनी त्या पहाटेच्या गोष्टी इतक्या वेळा सांगितल्या आहेत की उतारा मी भरभर वाचला, भूकंप आणि धरणाच्या पाण्याचा संबंध यावरचे अवघड शब्दही ओळखले. आणि पाचपैकी दोन उत्तरं चुकली, कारण ती मी सासूबाईंच्या गोष्टीतून दिली होती. ‘अकॉर्डिंग टू द पॅसेज’ हे चार शब्द प्रश्नात होते. ओळखीचा विषय वाचायला पंख देतो, पण उत्तर देताना तोच विषय आपल्या वतीने बोलायला लागतो. तरी ओळखीचे विषय सोडू नका असंच मी म्हणेन, फक्त बोट ठेवा.

उतारे निवडताना मी मोजणी करते. न्यूझीलंडचे भाषाशिक्षणतज्ज्ञ पॉल नेशन यांच्या अभ्यासांतून पुढे आलेला आकडा असा: शब्दकोश न उघडता नीट समजायचं असेल तर मजकुरातले सुमारे ९८ टक्के शब्द ओळखीचे हवेत. म्हणजे पन्नासात एकच अनोळखी. वर्तमानपत्र किंवा कादंबरी त्या सहजतेने वाचायला आठ ते नऊ हजार शब्दकुळं (एक मूळ शब्द आणि त्यापासून झालेली रूपं मिळून एक कुळ) लागतात, असंही त्यांचं गणित आहे. मी पहिले शंभर शब्द मोजते. अनोळखी पाचाच्या वर गेले तर उतारा बाजूला ठेवते. सोप्या इंग्रजीतला विकिपीडिया मला यात बसतो. पत्र सूचना कार्यालयाची, म्हणजे केंद्र सरकारच्या पीआयबीची, निवेदनं बसत नाहीत, वाक्यं फार लांब असतात. पण त्यांची मराठी प्रतही मिळते, म्हणून आठवड्यातून एक घेते. इंग्रजी प्रतीवर आधी ‘ला-लेला’ची पेन्सिल, मग मराठी प्रत उघडून पडताळा. शेती खात्याचं निवेदन असेल तर खूपच गोडी लागते.

आपल्यापैकी काहींनी विचारलं होतं, बोलण्याचा सराव सोडून मी वाचनाच्याच मागे का? मायकेल वेस्ट नावाचे इंग्रज शिक्षणतज्ज्ञ ढाक्याला शिक्षक घडवत होते. बंगालमधल्या मुलांविषयीच्या त्यांच्या १९२६ सालच्या अभ्यासात एक विचार आहे: बरीच मुलं मध्येच शाळा सोडतात, तेव्हा ज्या वर्षी सोडतील त्या वर्षीसुद्धा हाती काही उरेल असंच शिकवलं पाहिजे, आणि ते म्हणजे वाचता येणं. त्याला त्यांनी विम्यातला शब्द वापरला, सरेंडर व्हॅल्यू. हप्ते भरणं थांबलं तरी पॉलिसीचे जे पैसे परत मिळतात ते. मी बारावीला हप्ते थांबवलेली बाई आहे. इतक्या वर्षांनी पुन्हा बसले तेव्हा हाती होतं ते अडखळत का होईना वाचता येणं, आणि त्यावरच हे सगळं उभं राहिलं.

आकडे: चौथ्या महिन्यात दहा प्रश्नांत सरासरी पाच बरोबर, सहाव्यात साडेसहा, या महिन्यात साडेसात. लेखकाचा सूर ओळखा, हा प्रश्न अजून अर्ध्या वेळा चुकतो.

आणि ‘द’. यावर दोन महिने काढले, अजून अर्ध्या वाटेवर आहे. पण एक धागा सापडलाय. ‘आम्ही मुलगी बघतोय’ म्हणजे स्थळं शोधतोय, अजून कोणी ठरलेली नाही. ‘आम्ही मुलीला बघतोय’ म्हटलं की एक ठरावीक मुलगी आहे आणि ऐकणाऱ्यालाही ती कोण ते माहीत आहे. पहिल्यात ‘अ गर्ल’, दुसऱ्यात ‘द गर्ल’. म्हणजे हा भेद मराठीच्या कानाला परका नाही. अडचण निर्जीव वस्तूंची आहे, ‘पुस्तक शोधतेय’ मध्ये ‘ला’ येतच नाही. तिथे मी मनात ‘ते’ लावून बघते, ‘ते पुस्तक’, आणि वाक्य शोभलं तर ‘द’. बऱ्याचदा जमतं. नद्या, देश, आजार यांच्यापुढे ही युक्ती चालत नाही, तिथे सध्या पाठांतर. कोणाकडे याहून चांगली वाट असेल तर नक्की सांगा.

शनिवारी रात्री दुष्काळावरचा उतारा घेतला होता. आठवीतला मुलगा शेजारी गणितं करत होता. एका वाक्यावर आले: ‘फ्यू ऑफ द वेल्स डग बिफोर द ड्रॉट वेअर ऑफ एनी यूज.’ डग, पुढे ‘वेअर’, म्हणजे ‘खणलेल्या’. पेन्सिल उचललीच नाही. मी मोठ्याने म्हणाले, ‘दुष्काळाआधी खणलेल्या विहिरींपैकी फारशा कामाला आल्या नाहीत.’

मुलाने मान वर केली, वाक्य वाचलं आणि म्हणाला, ‘आई, यात नाही कुठंय? नॉट तर दिसतच नाही.’

मी ‘फ्यू’वर बोट ठेवलं. ‘याच्या आधी अ असता तर थोड्या तरी कामाला आल्या असत्या,’ म्हटलं. त्याने ते त्याच्या वहीच्या मागच्या पानावर लिहून घेतलं.