वडिलांच्या स्टुडिओतील निगेटिव्ह डिजिटल करताना

चाळीसगावातील आमचा फोटो स्टुडिओ १९९८ साली बंद झाला, तेव्हा वडिलांनी सगळ्या निगेटिव्ह पाकिटांत घालून दोन पत्र्याच्या पेट्यांत भरल्या आणि पेट्या माळ्यावर ठेवल्या. दोन वर्षांपूर्वी त्यांतली एक पेटी उघडली, तर व्हिनेगरसारखा आंबूस वास आला. ॲसिटेटच्या फिल्मचे विघटन सुरू झाले की हा वास येतो. उष्णता आणि दमट हवा यांनी ते वेगाने वाढते आणि एकदा सुरू झाले की मागे फिरवता येत नाही. पत्र्याखालच्या माळ्यावर खान्देशातले पंचवीस उन्हाळे काढलेल्या फिल्मचे आणखी काय होणार होते? वास येणारी पाकिटे त्याच दिवशी वेगळी केली आणि पुढच्या कामात त्यांना पहिला क्रम दिला.

पेट्यांत १२० या रुंद फिल्मचे दोनशेहून अधिक रोल होते. एका रोलवर ६×६ सेंमी आकाराच्या बारा चौकटी, म्हणजे सुमारे अडीच हजार छायाचित्रे. फ्लॅटबेड स्कॅनरवर चांगल्या प्रतीच्या एका चौकटीला काही मिनिटे लागतात, त्यामुळे मी कॅमेऱ्याने निगेटिव्हचे छायाचित्र घेण्याचा मार्ग निवडला. कॅमेरा वापरलेला घेतला, निकॉन डी७२००. त्याच्या २४ मेगापिक्सेलच्या सेन्सरवर चौकोनी निगेटिव्ह बसवली की उपयोगात येतात ४०००×४००० पिक्सेल, आणि प्रत्यक्ष चित्राची बाजू ५६ मिमी असल्याने इंचाला सुमारे १८०० पिक्सेल मिळतात. घरगुती संग्रहासाठी आणि भिंतीवर लावण्याजोग्या छापांसाठी एवढे भरपूर आहे, म्हणून महागड्या बॉडीचा मोह मी सोडला आणि पैसे लेन्सकडे वळवले.

लेन्सच्या बाबतीत मात्र पहिला व्यवहार फसला. जुना ९० मिमी मॅक्रो (अगदी जवळून छायाचित्र घेण्याची लेन्स) म्हणून घेतलेल्या लेन्समध्ये मागून टॉर्च मारल्यावर कोळ्याच्या जाळ्यासारखी बुरशी दिसली. विक्रेत्याने ती परत घेतली, पण महिना गेला. जुनी लेन्स घेणाऱ्याने पैसे देण्यापूर्वी ॲपर्चर (लेन्समधले उजेडाचे छिद्र) पूर्ण उघडून टॉर्चच्या उजेडात दोन्ही बाजूंनी आत पाहावे, एवढे मी आग्रहाने सांगेन.

स्टँडचा प्रश्न वडिलांनी सोडवला. त्यांच्या जुन्या एन्लार्जरचे (निगेटिव्हवरून मोठे छाप काढण्याच्या यंत्राचे) डोके काढून त्याच खांबावर कॅमेरा खाली तोंड करून बसवला आणि एन्लार्जरचाच निगेटिव्ह कॅरियर (फिल्म धरणारा साचा) एलईडी पॅनेलच्या वर चार बोटे उंचीवर ठेवला. पॅनेल आणि फिल्म यांच्यात हे अंतर हवेच, कारण फिल्म पॅनेलला चिकटली तर पांढऱ्या प्लास्टिकवरची धूळ आणि त्याचा पोतही चित्रात उतरतो. कॅरियर बिनकाचेचा असल्यामुळे काच आणि फिल्म यांच्यामध्ये उमटणारी रंगीत वर्तुळेही टळली. कलामहर्षी केकी मूस (१९१२–१९८९) यांनी आमच्याच गावातल्या बंगल्यात राहून टेबलावर मांडलेल्या वस्तूंची विलक्षण छायाचित्रे केली. लहानपणापासून ऐकलेले त्यांचे नाव, टेबलावरचा उजेड इंच इंच सरकवताना, मला रोज आठवत असे.

चाळीस रोल झाल्यावर मोठी चूक लक्षात आली. प्रत्येक चित्राची उजवी कड किंचित मऊ होती. कॅमेरा आणि फिल्म समांतर नव्हते, आणि इतक्या जवळून केसभर फरकही दिसतो. उपाय साधा निघाला: निगेटिव्हच्या जागी छोटा आरसा ठेवायचा, लाइव्ह व्ह्यूमध्ये, म्हणजे कॅमेऱ्याच्या मागच्या पडद्यावर, लेन्सचे स्वतःचे प्रतिबिंब बरोबर मध्यभागी येईपर्यंत कॅमेरा हलवायचा आणि मग स्क्रू घट्ट करायचे. ते चाळीस रोल मी पुन्हा घेतले. त्या दिवसापासून प्रत्येक बैठकीची सुरुवात आरशाने होते.

बाकीची मांडणी ठरून गेली. एफ/८, आयएसओ १००, शटर १/३० पेक्षा संथ (म्हणजे एलईडीच्या लुकलुकीचे पट्टे येत नाहीत), हाताचा धक्का टाळण्यासाठी दोन सेकंदांचा टायमर, खोलीत पूर्ण अंधार आणि चौकटीभोवती काळा कागद. निगेटिव्हमध्ये सर्वांत उजळ भाग म्हणजे रिकामी फिल्म. हिस्टोग्रॅममध्ये (चित्रातल्या उजेडाच्या आलेखात) तो उजव्या कडेजवळ येईल पण तिला धडकणार नाही, असे एक्स्पोजर ठरवून ते पूर्ण रोलभर तसेच ठेवतो. फाइल नेहमी १४ बिट रॉ, म्हणजे सेन्सरची कच्ची नोंद. निगेटिव्ह उलटवून खरे चित्र करताना तिचा आखूड टोनपट्टा ताणावा लागतो, आणि जेपेगच्या २५६ पायऱ्या ताणल्या की आकाशात पट्टे उमटतात. उलटवण्यासाठी डार्कटेबल हे मोफत सॉफ्टवेअर वापरतो. त्यातले निगाडॉक्टर हे साधन नेमके याच कामासाठी आहे.

धुळीने मात्र फार सतावले. चैत्र-वैशाखाच्या कोरड्या हवेत फिल्मवर स्थिर वीज साठते आणि ब्लोअरने उडवलेला कण लगेच परत येऊन चिकटतो. शेवटी काम थांबवले आणि पाऊस पडल्यावर, श्रावणात, पुन्हा सुरू केले. तेव्हा कण सहज उडत. पण काम संपताच फिल्म सिलिका जेल घातलेल्या हवाबंद डब्यात ठेवावी लागे, नाहीतर बुरशीचे भय.

फाइलच्या नावात साल, रोल आणि चौकट एवढेच असते; माणसांची, जागांची माहिती फाइलच्या आयपीटीसी रकान्यांत (चित्रासोबत फाइलमध्येच राहणाऱ्या मजकुराच्या जागेत) भरतो. तीन प्रती ठेवतो, दोन वेगवेगळ्या डिस्कवर आणि तिसरी धुळ्याला बहिणीच्या घरी.

माहिती भरण्याचे काम संध्याकाळी, वडिलांना, म्हणजे दादांना, शेजारी बसवून चालते, आणि सगळ्यांत सावकाश तेच चालते. पुराच्या एका चित्राखाली मी गिरणा असे लिहून टाकले होते. दादा चष्मा पुसून पडद्याजवळ आले आणि म्हणाले, “हाई गिरना नही, तितूर शे.” मग त्यांनी पुलाच्या कठड्यावर उभ्या असलेल्या चौघांपैकी तिघांची नावे सांगितली. चौथ्याचा रकाना अजून रिकामा आहे; दादांना नाव आठवले की भरायचा आहे. अजून साठ रोल शिल्लक आहेत.