ऐरोलीच्या खाडीकाठी मारांडी ओळखताना

ऐरोली स्टेशनवरून रिक्षाने किनारी व सागरी जैवविविधता केंद्राकडे निघालो ते भरती-ओहोटीच्या वेळा पाहूनच. मारांडी म्हणजे खारफुटीत वाढणारं काटेरी झुडूप; भरतीला तिचा बुंधा पाण्यात जातो आणि निम्म्या खुणा झाकल्या जातात. फेब्रुवारी ते मे हा तिच्या फुलोऱ्याचा चांगला काळ.

तिवरांच्या कडेला, चिखलात तिची कंबरेएवढी गर्द हिरवी झुडपं दाटीने उभी असतात. पानं समोरासमोर, जाड, चकचकीत, कडेला दात्यांच्या टोकाशी काटे. कोरड्या दिवशी पानावर पांढरी कणी दिसते. ते मीठ आहे, पानावरच्या ग्रंथींतून बाहेर टाकलेलं. फांदीच्या टोकाला उभं कणीस, त्यात निळी-जांभळी फुलं. फूल बाजूने नीट पाहा: वरचा ओठ नाहीच, खाली एकच रुंद पाकळी पसरलेली आणि तिच्यावर चार जाड पुंकेसर.

गोंधळ होतो तो तालिमखान्याशी. कुळ एकच, फूल निळसर, झाड काटेरी. फोटोत नुसतं फूल असलं की हमखास चुकतं. म्हणून आम्ही रंगाआधी काटे बघतो. तालिमखान्याच्या पानाची कड बिनकाट्याची असते. लांब, सरळ, पिवळसर काटे पेरापाशी पानांच्या बगलेतून निघतात, आणि फुलंही तिथेच गोळा झालेली असतात. त्या फुलाला दोन ओठ, खालच्यावर पिवळा डाग. तो गोड्या पाण्याचा, तळ्याकाठी, भातखाचरांच्या बांधाला, पावसाळा सरल्यावर फुलणारा. खाडीच्या खाऱ्या चिखलात त्याला शोधू नये.

एक अडचण मात्र राहते. सावलीतल्या मारांडीची पानं कधीकधी पूर्ण बिनकाट्याची असतात, आणि तिच्या पेरांपाशीही आखूड काटे असू शकतात. अशा वेळी उन्हातली फांदी शोधा, नाहीतर कणीस आणि फुलाचा एकच ओठ यांवर निर्णय घ्या. फुलं संपली असतील तर हिरवी, गुळगुळीत, लांबट बोंडं बघा. ती वाळली की फटकन फुटून बिया दूर उडवतात.

ठाणे खाडीचं फ्लेमिंगो अभयारण्य २०१५ मध्ये घोषित झालं, २०२२ मध्ये ते रामसर स्थळ, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा, ठरलं. इथली डहाळी तोडून घरी न्यायची नाही, सगळं काम फोटोवर. पाच फोटो पुरतात: अख्खं झुडूप आजूबाजूच्या चिखलासकट, पानाची कड, पेर, फूल समोरून आणि फूल बाजूने. बाजूचा फोटो बहुतेक जण विसरतात, आणि ओठांचा निकाल त्यातच लागतो.