पेशंटचा शब्द वेगळा, केसपेपरचा वेगळा

ओईटीचा निकाल लागल्यापासून हॉस्टेलमधल्या ज्युनियर मुली एकच विचारतात, "ताई, एवढे इंग्लिश शब्द पाठ कसे केलेस?" प्रत्येकीला वेगळं सांगत बसण्यापेक्षा एकदाच नीट लिहून ठेवते.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. ओईटी म्हणजे ऑक्युपेशनल इंग्लिश टेस्ट. नर्स, डॉक्टर, फार्मासिस्ट, फिजिओथेरपिस्ट अशा 12 आरोग्य व्यवसायांसाठी ही परीक्षा असते. ब्रिटनच्या नर्सिंग अँड मिडवायफरी कौन्सिलकडे नाव नोंदवायचं तर इंग्रजी येतं हे दाखवावं लागतं, आणि आपल्याकडच्या बहुतेक मुली त्यासाठी आयईएलटीएस नाहीतर ओईटी देतात. ओईटीत लिसनिंग, रीडिंग आणि स्पीकिंगला 500 पैकी किमान 350 लागतात, रायटिंगला 300 चालतात. माझं शिक्षण दहावीपर्यंत मराठी माध्यमात, मग जीएनएम हा नर्सिंगचा डिप्लोमा, आणि नोकरी मिरजेतच, मेडिसिन वॉर्डला.

क्लास लावल्यावर सुरुवातीलाच समानार्थी शब्दांच्या झेरॉक्सचा गठ्ठा हातात पडला. बिग, लार्ज, ह्यूज, इमेन्स, कोलोसल. पुढं सॅडचं कुटुंब, मग हॅपीचं. मुली चालताना, जेवताना पुटपुटायच्या. कोलोसल हा शब्द मला आजतागायत एकाही वॉर्डात भेटलेला नाही. पण माझी खरी तक्रार ती नाही. यादीत सगळे शब्द एका रांगेत, एकाच मापाचे दिसतात. कुठला शब्द कोण वापरतं, कुणाशी बोलताना वापरतं, कागदावर शोभतो की तोंडी, हे यादी सांगत नाही. आणि ओईटीत नेमकं तेच तपासतात.

खरं तर आम्ही नर्स हे काम रोजच करतो. मिरजेला आसपासच्या खेड्यांतून आणि कर्नाटकातूनही पेशंट येतात. एखादी आजी म्हणते, "सिस्टर, लई कसंतरी हुतंय बगा." आता या 'कसंतरी'चं करायचं काय? मग विचारायचं, "आजी, मळमळतंय का गरगरतंय? का डोळ्यांपुढं अंधारी येतीय?" आजी सांगतात, नुसते उमासे येताहेत, उलटी होत नाही. आणि आपण केसपेपरवर 'नॉशिया' लिहून मोकळे होतो. आजींचा शब्द, आपण विचारलेला शब्द आणि कागदावरचा शब्द, तिन्ही वेगळे, दुखणं एकच. हेच इंग्रजीत करायचं आहे हे लक्षात आल्यावर मी क्लासची यादी बाजूला ठेवली आणि दोनशे पानी वहीला तीन रकाने आखले: पेशंट काय म्हणेल, मी त्याला काय म्हणेन, कागदावर काय येईल.

पहिल्या पानावरच्या ओळी अशा होत्या. पेशंट म्हणणार 'थ्रोइंग अप', मी 'व्हॉमिटिंग', कागदावर कधी 'इमेसिस'. पेशंटचं 'आउट ऑफ ब्रेथ', माझं 'शॉर्टनेस ऑफ ब्रेथ', कागदाचं 'डिस्निया'. 'इची', 'इचिंग', 'प्रुरायटस'. लघवीची ओळ सगळ्यात लांब झाली, कारण ब्रिटिश म्हातारी माणसं तिच्याबद्दल बोलताना फार लाजतात. 'पासिंग वॉटर', 'वी', आणि लघवीच्या सगळ्याच तक्रारींना मिळून 'वॉटरवर्क्स'! नळपाणी योजनेसारखा हा शब्द लिसनिंगच्या सरावात पहिल्यांदा ऐकला तेव्हा मला वाटलं, आजोबांच्या घरातला पाइप फुटलाय.

मधला रकाना सगळ्यात महत्त्वाचा, हे माझं ठाम मत आहे. पहिला रकाना ऐकून समजला तरी पुरे, तिसरा वाचून समजला तरी चालतं. पण मधला तोंडातून आपोआप यावा लागतो. स्पीकिंगमध्ये दोन रोल-प्ले असतात, प्रत्येकी साधारण 5 मिनिटांचे, आणि त्याआधी कार्ड वाचायला 3 मिनिटं. समोरचा पेशंट किंवा नातेवाईक होतो, आपण नर्स. तिथं पेशंटला 'डिस्निया' विचारलंत की मार्क गेलेच, कारण पेशंटला समजेल असं बोलता का, यालाही मार्क असतात.

दुखण्याच्या शब्दांवर मी सगळ्यात जास्त वेळ घालवला आणि तो वाया गेला नाही. आपल्याकडं दुखण्याला केवढे शब्द आहेत: ठणका, सणक, कळ, चमक, मुरडा, ठसठस, जळजळ, आग, मुंग्या. क्लासच्या यादीत मात्र 'पेन'समोर 'एक' (ache), 'अगनी', 'सफरिंग' एवढंच. त्याचा वॉर्डात काय उपयोग? शोधता शोधता मॅकगिल पेन क्वेश्चनेअर सापडलं. मानसशास्त्रज्ञ रोनाल्ड मेलझॅक यांनी ते 1975 साली प्रसिद्ध केलं. त्यात दुखणं कसं आहे हे सांगणारे 78 शब्द 20 गटांत लावले आहेत आणि गटातले शब्द वाढत्या तीव्रतेनं येतात. एका गटात हॉट, बर्निंग, स्कॉल्डिंग, सिअरिंग. दुसऱ्यात पिंचिंगपासून क्रशिंगपर्यंत. थ्रॉबिंगच्या गटाची सुरुवात फ्लिकरिंगनं होते. समानार्थी शब्द असे लावलेले मी पहिल्यांदाच पाहिले: एकाच जातीचे, पण चढत्या क्रमानं, कोण कुणाच्या वर ते दाखवणारे. मी प्रत्येक गटासमोर आपला शब्द लिहिला. थ्रॉबिंगसमोर ठसठस, शूटिंगसमोर सणक, क्रॅम्पिंगसमोर मुरडा. तंतोतंत जुळतात असं नाही, पण त्यानंतर 'स्टॅबिंग' ऐकला की मनात आधी मराठी वाक्य जुळवावं लागेना, छातीत सुरी खुपसल्यासारखं दुखतंय म्हणणारा पेशंटच डोळ्यांपुढं यायचा.

काही शब्द ओळखीचे म्हणूनच घात करतात. आपण 'सिक' म्हणजे आजारी असं धरतो. ब्रिटिश पेशंट 'आय वॉज सिक ट्वाइस लास्ट नाइट' म्हणाला तर त्याला रात्री दोनदा उलटी झालेली असते, आणि 'आय फील सिक' म्हणजे मळमळतंय. आपल्या केसपेपरवर सर्रास दिसणारं 'लूज मोशन्स' तिथं ऐकू येत नाही. कागदावर 'डायरिया' आणि बोलताना चक्क 'द रन्स'. 'फनी टर्न'मध्ये हसण्यासारखं काही नसतं. अचानक घेरी आली, क्षणभर शुद्ध हरपल्यासारखं झालं, की ती माणसं असं म्हणतात. 'डिझी'चं आपल्या चक्करसारखंच आहे. खोली फिरतेय की आता पडेन असं वाटतंय, हे पुढं विचारावंच लागतं, कारण दोन्हीची कारणं निराळी.

कागदावरच्या इंग्रजीचा कायदा आणखी वेगळा. 'पेशंट डिनाइज चेस्ट पेन' याचा अर्थ पेशंट खोटं बोलतोय असा नाही. विचारल्यावर छातीत दुखत नाही म्हणाला, एवढंच. एक्स-रे 'अनरिमार्केबल' असेल तर आनंदाची गोष्ट, काही सापडलेलं नाही. 'अक्यूट' म्हणजे भयंकर नव्हे, अचानक सुरू झालेलं. 'टेंडर ॲब्डोमेन' म्हणजे पोट दाबलं की दुखतं. असे शब्द सुटे लिहून काही होत नाही. मी पूर्ण वाक्यच लिहायचे आणि त्या शब्दाखाली रेघ मारायचे. शब्दासमोर अर्थ लिहिण्याची सवय शाळेपासूनची, ती मोडायला जरा त्रास झाला.

रीडिंगच्या भाग 'अ'मध्ये 4 छोटे मजकूर आणि 20 प्रश्न असतात, वेळ फक्त 15 मिनिटं. प्रश्नातला शब्द मजकुरात सापडेल या आशेवर बसायचं नाही. प्रश्न विचारतो, हे औषध कुणाला देणं टाळावं, आणि मजकुरात असतं 'कॉन्ट्राइंडिकेटेड'. वहीचा तिसरा रकाना इथं उपयोगी पडला. भाग 'क'मध्ये एखाद्या परिच्छेदातला शब्द किंवा वाक्प्रचार दाखवून लेखकाला काय म्हणायचंय ते विचारतात. तिथं मी पर्याय वाचायच्या आधी तो शब्द बोटानं झाकून वाक्य वाचायचे आणि मनात काय येतं ते बघायचे. पर्याय आधी वाचले की सगळेच बरोबर वाटतात.

रायटिंग मला सगळ्यात जड गेलं. पेशंटच्या नोट्स देतात. 5 मिनिटं वाचायला, 40 मिनिटं लिहायला, आणि साधारण 180 ते 200 शब्दांचं पत्र. शब्द बदलून बदलून वापरा, असं क्लासमध्ये सांगायचे. मला ते पटलं नाही. 'वूंड'ला एकदा 'वूंड' म्हटलं की पुढच्या ओळीत 'इंज्युरी' म्हणून शोभा वाढत नाही, उलट पत्र वाचणाऱ्या कम्युनिटी नर्सला वाटेल, ही दुसरी कुठली जखम! इथं समानार्थी शब्दांपेक्षा जोड्या कामाला आल्या. 'फॉल'बरोबर 'सस्टेन्ड', 'अँटिबायोटिक्स'बरोबर 'कमेन्स्ड ऑन', 'विथ'च्या आधी 'प्रेझेंटेड'. मराठीत आपण गृहमंत्री म्हणतो, घरमंत्री म्हणत नाही. कुणी शिकवावं लागत नाही. इंग्रजीतल्या जोड्या मात्र बघून बघूनच उचलाव्या लागतात. त्यासाठी शिकणाऱ्यांसाठीचा इंग्रजी–इंग्रजी शब्दकोश घ्या. त्यात सोप्या शब्दांत अर्थ असतो आणि शब्द कशाबरोबर येतो ते उदाहरणांतून दिसतं.

सराव कधी करायचा, हाही प्रश्न येतो. नाइट ड्यूटीला पहाटेच्या राउंडनंतर जेवढी उसंत मिळेल तेवढी. वही पहिल्या पानापासून वाचत नसे. कुठलंही पान उघडायचं, दोन रकाने हातानं झाकायचे आणि उरलेल्या एकावरून बाकीचे दोन आठवायचे. न आठवलेल्या ओळीसमोर टिंब. टिंबांच्या ओळी दुसऱ्या रात्री आधी. रूममेट कोट्टयमची, तिचीही तयारी चालू होती. तिला मराठी जेमतेम, मला मल्याळम शून्य, त्यामुळं इंग्रजीशिवाय गत्यंतरच नव्हतं. ती चिडखोर ब्रिटिश म्हातारी फार छान करायची. मी एखादा जड शब्द वापरला की कानाला हात लावून म्हणायची, "यू व्हॉट, लव्ह?" आणि सोपा शब्द मिळेपर्यंत पुढं बोलायची नाही.

निकालात स्पीकिंग सगळ्यात वर आलं आणि रायटिंग सगळ्यात खाली, पण चालण्याइतकं. आता सीबीटीची, म्हणजे त्याच कौन्सिलच्या कॉम्प्युटरवरच्या नर्सिंग परीक्षेची तयारी चालू आहे. त्यात 15 प्रश्न औषधांच्या मात्रांच्या गणिताचे आणि 100 क्लिनिकल. तीन रकान्यांची वही सध्या दोघी ज्युनियरांकडं आहे. कुणाला हवी असेल तर झेरॉक्स काढा, पण दुखण्याची आणि लघवीची पानं सोडून बाकी वही कोरीच आखा. तुमच्या वॉर्डातले पेशंट माझ्या वॉर्डापेक्षा वेगळे बोलतात.