ग्वेंडोलिनचं पुढे काय झालं

आमच्या घरी बोर्डिंग ही धमकी होती. "गप अभ्यासाला बस, नाहीतर पाचगणीला टाकून येईन," असं आई पोळी लाटता लाटता म्हणायची. त्यामुळे पाचगणी म्हणजे थंड हवेचा तुरुंग, अशी माझी कित्येक वर्षं समजूत होती. मग सातवीच्या मे महिन्यात मावसबहिणीकडून एनिड ब्लायटनचं 'मॅलरी टॉवर्स' हाती आलं आणि कॉर्नवॉलच्या कड्यावरची ती चार बुरुजांची शाळा बघून मीच आईला म्हटलं, टाक मला बोर्डिंगात. आईने लाटणं थांबवून माझ्या कपाळाला हात लावून पाहिला.

तिथे खडकात कोरलेला पोहण्याचा तलाव होता आणि त्यात समुद्राचं पाणी यायचं. मध्यरात्री लपवलेले डबे काढून मेजवान्या व्हायच्या, आणि त्यात सार्डिन असायचे. सार्डिन हा काहीतरी साहेबी, उंची पदार्थ असणार असं मी धरून चालले होते. सार्डिन म्हणजे आपली तारली, हे कॉलेजात गेल्यावर कळलं. आठवड्यातून दोनदा तिचं कालवण ताटात पडलं की मी नाक मुरडायचे, आणि रात्री पांघरुणात विजेरी लावून त्याच माशासाठी जीव टाकायचे.

मूळ पुस्तकं सहाच, १९४६ ते १९५१ या काळातली. नायिका डॅरेल रिव्हर्स. ब्लायटनबाईंच्या दुसऱ्या नवऱ्याचं आडनाव डॅरेल वॉटर्स, आणि तो सर्जन. पुस्तकातल्या डॅरेलचे वडीलही सर्जन. घरातल्या पाण्याची बाईंनी नदी केली, एवढंच. सहाव्या भागात डॅरेल शाळा सोडून जाते आणि दार बंद होतं.

यंदा दिवाळीच्या सुट्टीत भाची आली ती 'मॅलरी टॉवर्स'चा नववा भाग घेऊन. नववा? मी चष्मा पुसून पाहिलं. पामेला कॉक्स यांनी २००९ साली डॅरेलच्या धाकट्या बहिणीला, फेलिसिटीला, पुढे करून आणखी सहा भाग लिहिलेत. त्याआधी ब्लायटनबाईंच्याच 'सेंट क्लेअर्स' या दुसऱ्या शाळामालिकेचंही त्यांनी असंच केलं होतं. ब्लायटनबाईंनी तिथल्या मुलींना दुसरीतून थेट चौथीत नेलं होतं. ही गाळलेली तिसरी कॉक्सबाईंनी २००० साली भरून काढली. आमच्या शाळेत डबल प्रमोशन मिळालेल्या मुलाला पुन्हा मागच्या वर्गात बसवलं असतं तर केवढा दंगा झाला असता!

भाचीचा नववा भाग मी दोन दुपारींत संपवला. वाईट नाही. पण तीच शाळा, तसल्याच खोड्या, तशाच मेजवान्या. मधली साठेक वर्षं या मुलींना चाटूनही गेलेली नाहीत. लोणच्याच्या बरणीत ओला चमचा जाऊ नये म्हणून आजी जशी पहारा करायची, तसा लेखिकेने पहारा केलाय.

जर्मनांनी मात्र चमचा खुशाल घातला. तिथे डॅरेलची डॉली झाली, आणि सहा भाग संपल्यावर तिकडच्या मंडळींनी, वर ब्लायटनचंच नाव ठेवून, गोष्ट पुढे रेटली. डॉली मोठी होते आणि काम करायला त्याच शाळेत परत येते. जर्मन वाचकांना तिला नोकरीला लावल्याशिवाय चैन पडलं नसावं. २०१९ साली चार इंग्रज लेखिकांनी त्याच शाळेत चार नव्या मुलींना प्रवेश दिला. त्यात नरिंदर धामींच्या कथेत एक हिंदुस्थानी मुलगी येते, आणि ती राजकन्या आहे अशी शाळाभर कुजबुज सुरू होते. मला बरंही वाटलं, हसूही आलं. म्हणजे माझ्यासारखी तारली खाणारी आली असती, तरी तिलाही आधी एखादं संस्थान चिकटलं असतं.

'शॅले स्कूल' ही मुलींच्या बोर्डिंगचीच आणखी एक इंग्रजी मालिका लिहिणाऱ्या ब्रेंट-डायरबाईंची तर गोष्टच वेगळी. त्यांनी पुढच्या पिढीवर काही सोपवलंच नाही. पहिला भाग १९२५ साली आला, आणि १९६९ साली वारेपर्यंत त्या स्वतःच लिहीत राहिल्या. त्यांच्या नायिकेला, जोला, अकरा मुलं झाली, तरी तिचा पाय शाळेतून काही निघाला नाही.

हे सगळं वाचताना मी शोधत होते ते डॅरेलच्या वर्गातल्या ग्वेंडोलिनला. सोनेरी केसांची, लाडावलेली, रडकी, कुणालाच न आवडणारी ग्वेंडोलिन. स्वित्झर्लंडच्या नखरेल शाळेत जायचंच म्हणून ती बापाशी भांडते, वाटेल ते बोलते. मग बाप गंभीर आजारी पडतो, आणि हिला शाळा अर्धवट टाकून घरी जावं लागतं. आता नोकरी करणं आलं. बाराव्या वर्षी हे वाचून मी डॅरेलला विसरले होते. त्याच वर्षी आमच्या चाळीत समोरच्या घरातले काका अंथरुणाला खिळले होते, आणि त्यांची थोरली कॉलेज सोडून टायपिंगच्या क्लासला जाऊ लागली होती.

भाचीला म्हटलं, "थांब, मीपण एक भाग लिहिलाय." माळ्यावरच्या ट्रंकेतून दोनशे पानी वही काढली. वर निळ्या शाईत 'सातवा भाग'. माझी ग्वेंडोलिन सकाळी सातच्या बॅचला टायपिंगला जाते. तिची लांब नखं मशीनच्या बटणांत अडकतात म्हणून सर तिला ती कापायला लावतात, आणि ती रडत नाही. येताना ती वडिलांचं औषध आणि अर्धा डझन मोसंबी घेते. लंडनमध्ये.

"मोसंबी?" भाची म्हणाली.

"पुढे वाच."

तिने पान उलटलं. माझं अक्षर तिथेच संपलं होतं. त्याखाली आईचं होतं: दूध दोन लिटर, एक खाडा, भय्याला पाच रुपये देणे.

"मावशी, हा भय्या कोण?"