वर्दी पहाटे दोन सतराची, दाखला आदल्या दिवसाचा

अग्निशमन केंद्रात सॉफ्टवेअरचं काय काम असं बऱ्याच जणांना वाटतं, बंब आणि पोरं तयार असली की झालं. पण आग विझल्यावर जो दाखला मिळतो ना, त्याच्यावर माणसाचं पुढचं सगळं अडकलेलं असतं, विमा त्याच्यावर, बँक त्याच्यावर, तहसीलची मदत त्याच्यावर, आणि तो दाखला आता कंप्युटरमधून निघतो. मी लातूर जिल्ह्यातल्या काही नगरपरिषदांचा कंप्युटर सपोर्ट बघते, घरपट्टी पाणीपट्टी जन्ममृत्यू आणि त्यातच अग्निशमन पण. सॉफ्टवेअर दुसऱ्या कंपनीचं आहे, माझं काम ते चालू ठेवायचं. गावाचं नाव लिहीत नाही, गरज पण नाही.

एप्रिल महिना होता, म्हणजे आमच्याकडे वर्द्यांचा सीझन (वर्दी म्हणजे आग लागल्याची केंद्राला आलेली खबर). कडब्याच्या गंजी, गोठे, उसाचे फड, रोज काही ना काही पेटतंच. केंद्राचा प्रिंटर कागद ओढत नाही म्हणून मला बोलावलं होतं. मी खाली बसून रोलर पुसत होते आणि वर टेबलापाशी एक वयस्कर गृहस्थ केंद्राच्या साहेबांशी बोलत होते, आवाज चढलेला पण रडवेला. मेनरोडला त्यांचं कापडाचं दुकान होतं, ते जळालं होतं. सगळे त्यांना मामा म्हणत होते.

मामांच्या हातात आपल्याच केंद्राचा दाखला आणि विमा कंपनीच्या सर्व्हेअरचं पत्र. ते म्हणत होते, "साहेब, तुमच्या कागदावर आग एकतीस मार्चला रात्री पावणेनऊला लागली म्हणून लिहिलंय. पावणेनऊला मी गल्ल्यावर बसलो होतो, समोर गिऱ्हाईक होतं, शटर साडेनऊला ओढलं. मग काय माझ्या डोळ्यासमोर दुकान जळायलं होतं आणि मी कापड मोजत बसलो होतो का?"

आता यात तारखेला एवढं महत्त्व का, तर मामांचा जुना विमा मधे बंद पडला होता. मार्चअखेर बँकेत सीसी म्हणजे धंद्याचं कॅश क्रेडिट कर्ज रिन्यू करायला गेले तेव्हा बँकेने सांगितलं की मालाचा विमा काढल्याशिवाय होणार नाही, म्हणून त्यांनी नवीन पॉलिसी घेतली आणि ती सुरू झाली एक एप्रिलला रात्री बारापासून. आग लागली त्याच रात्री, पहाटे दोनच्या पुढे. पॉलिसीचा पहिलाच दिवस, त्यात पण पहिले दोन-अडीच तास, सर्व्हेअरला शंका येणारच, तो त्याचं कामच करत होता. आणि त्याच्या हातात सरकारी शिक्क्याचा कागद की वर्दी ३१ मार्च, २०:४७. म्हणजे आग आधी लागली, पॉलिसी नंतर सुरू झाली, विषय संपला. त्याच्यापुढे त्याने अजून एक लिहिलं होतं की बंब परत आल्याची वेळ ०५:१०, मग केंद्रापासून हाकेच्या अंतरावरचं दुकान विझवायला आठ तासांपेक्षा जास्त वेळ कसा लागला?

त्या रात्री ड्युटीवर असलेला फायरमन तिथेच होता, तो हे ऐकून एकदम लालच झाला. "मॅडम मी स्वतः ब्रांच (पाण्याच्या पाइपाचं तोंड) धरलेली, फजरची अजान झाली तेव्हा आम्ही वापस निघालो, तीन तास पण लागले नाहीत, आणि हे आठ तास म्हणायलेत." पोरं जीव घालून काम करतात आणि कागद त्यांनाच आळशी ठरवतो, त्याचा राग मला अगदी समजला.

मी प्रिंटर सोडला आणि सिस्टिम उघडली. स्क्रीनवर वर्दी एकदम बरोबर, १ एप्रिल, ०२:१७. म्हणलं मग कागदावर चूक कशी? माझ्यासमोरच परत प्रिंट काढली (रोलर तेवढ्यात साफ झाला होता), आणि कागदावर ३१ मार्च, २०:४७. एकच नोंद, स्क्रीनवर एक तारीख, कागदावर दुसरी. दोन्हीतला फरक मोजला तर बरोबर साडेपाच तास. तिथेच सगळं उलगडलं.

भारताची प्रमाणवेळ जागतिक वेळेच्या म्हणजे यूटीसीच्या साडेपाच तास पुढे. मार्चच्या मध्यात सॉफ्टवेअरचा एक मोठा अपडेट आला होता, त्यात कंपनीने सगळ्या वेळा सर्व्हरवर यूटीसीत साठवायला सुरुवात केली. हे चुकीचं नाही, जगभर असंच करतात. नोंदीत वेळेच्या शेवटी इंग्रजी झेड अक्षर असतं, त्याचा अर्थच ही यूटीसी वेळ आहे. स्क्रीनवर दाखवताना ब्राउजर त्यात साडेपाच तास मिळवून आपली वेळ दाखवतो. पण दाखल्याचा छापील नमुना जुनाच राहिला, तो डेटाबेसमधून वेळ उचलतो, शेवटचा झेड टाकून देतो आणि आहे तशी छापतो. आणि बंब परत आल्याची वेळ ड्युटीवरचा माणूस हाताने टाईप करतो, ती साध्या मजकुरासारखी साठते, म्हणून ती बरोबर छापली जाते. त्यातूनच ते आठ तास आले. दिवसाच्या वर्दीत नुसती वेळ चुकायची, दुपारी दोनची आग सकाळी साडेआठची दिसायची, तारीख तीच राहते म्हणून कोणाचं लक्ष जात नव्हतं. फक्त रात्री बारा ते पहाटे साडेपाचच्या मधल्या वर्दीत तारीखच एक दिवस मागे जाते.

साहेबांना हे सांगितलं तर ते म्हणाले, ताई मला हे जागतिक वेळेचं काही कळेना. मग मी त्यांना किल्लारीचा भूकंप विचारला. आपल्या लातूर-धाराशिवमधे लहान पोराला पण माहीत आहे, ३० सप्टेंबर १९९३, पहाटे ३ वाजून ५६ मिनिटं, आदल्या रात्री गणपती विसर्जन करून लोक झोपलेले. अमेरिकेच्या भूगर्भ खात्याच्या यादीत तोच भूकंप २९ सप्टेंबर, २२:२५ असा आहे. दोन्ही खरं आहे, पण त्या यादीवर ही यूटीसी वेळ आहे असं लिहिलेलं असतं. आपल्या दाखल्यावर ते लिहिलेलंच नाही, म्हणून तो खोटा झाला. साहेब दोन मिनिटं गप्प बसले. ते त्या भूकंपात बचावकामाला गेलेले, म्हणाले आता समजलं, आता पुढं काय करायचं ते सांगा.

पुढं पुरावा. नुसतं आमचं सॉफ्टवेअर चुकलं म्हणून सर्व्हेअर का ऐकेल? या केंद्राची एक गोष्ट मला फार आवडते, कंप्युटर आल्यावर पण त्यांनी वर्दी रजिस्टर बंद केलं नाही. त्यात त्या रात्रीची नोंद हाताने, पेनाने, ०२:१७, फोन करणाऱ्याचा नंबर, गाडी बाहेर पडल्याची वेळ, खाली ड्युटीवाल्याची सही. बंबाच्या लॉगबुकात पण तीच वेळ. पण ही दोन्ही आपलीच पुस्तकं, घरचे साक्षीदार. तेव्हा तो फायरमनच म्हणाला की मॅडम, पाणी मारायच्या आधी आम्ही लाईट बंद करायला लावली होती, महावितरणला फोन केला होता. हे ऐकून मला इतका आनंद झाला! विजेच्या उपकेंद्रात ऑपरेटर फिडर म्हणजे त्या भागाची वीजलाइन बंद-चालू केलेली प्रत्येक वेळ लिहून ठेवतो. साहेबांनी पत्र दिलं, मामांचा मुलगा आणि फायरमन गाडीवर उपकेंद्रात गेले आणि तासाभरात नोंदीची सही-शिक्क्याची प्रत घेऊन आले. फिडर बंद ०२:३१, कारण: अग्निशमन दलाची विनंती. वेगळं ऑफिस, वेगळं हस्ताक्षर, आमच्या सर्व्हरशी काही संबंध नाही.

तोपर्यंत मी सॉफ्टवेअर कंपनीला फोनवर धरून ठेवलं होतं. पहिला माणूस म्हणाला डेटा बरोबर आहे. बरोबरच आहे, पण माणसाच्या हातात डेटा जात नाही, कागद जातो. दुसरा म्हणाला पुढच्या रिलीजमधे बघू. मी म्हणलं पुढच्या रिलीजपर्यंत दाखल्याची प्रिंटच बंद करा, चुकीचा छापण्यापेक्षा न छापलेला बरा, आणि मेलवर लेखी मागितलं. संध्याकाळी प्रिंट बंद झाली, दोन दिवसांनी नमुना दुरुस्त होऊन आला.

पण मामांना दोन दिवस थांबायला लावायचं नव्हतं. साहेबांनी त्याच दुपारी हाताने नवीन दाखला लिहिला, जावक नंबर टाकला, आधीचा दाखला रद्द असं स्पष्ट लिहिलं, कारणात छपाईतला वेळेचा दोष लिहिला आणि रजिस्टर, लॉगबुक, उपकेंद्र अशा तिन्ही नोंदींच्या प्रती जोडल्या. बरेच अधिकारी असा कागद लिहायला घाबरतात, आपली चूक मान्य केल्यासारखं होईल म्हणून. त्यांनी एका मिनिटाचा पण विचार केला नाही.

नंतर मी अमेरिकेतल्या अग्निशमन दलांचे नमुने बघितले, त्यांच्या जुन्या राष्ट्रीय नोंदपद्धतीच्या फॉर्मवर वर्दीची, पोचल्याची, आग आटोक्यात आल्याची आणि शेवटची गाडी मोकळी झाल्याची वेळ वेगवेगळी असायची आणि बाजूलाच छापलेलं असायचं की मध्यरात्र म्हणजे ००००. तारीख कुठे बदलते ते फॉर्मवरच सांगितलेलं असायचं. आपल्या दाखल्यावर पण "भारतीय प्रमाणवेळ" एवढे दोन शब्द आता मी टाकून घेतलेत.

त्या दिवशी प्रिंटर राहिलाच बाजूला, आम्ही अपडेटनंतरचे सगळे दाखले काढून रजिस्टरशी ताडून बघत बसलो. मध्यरात्रीनंतरच्या वर्द्यांवर लाल खूण केली आणि त्या लोकांना केंद्रातूनच फोन लावले. एका शेतकऱ्याचा गोठा जळाला होता, त्यात बैल गेला होता. तलाठ्याच्या पंचनाम्यात एक तारीख, दाखल्यात दुसरी, म्हणून त्याला तहसीलमधून परत पाठवलेलं आणि तो बिचारा गप्प घरी बसला होता, त्याला वाटलं आपल्याच कागदात काहीतरी कमी असेल. त्याला गावात जाऊन नवीन दाखला दिला.

मामांचा क्लेम पुढे मंजूर झाला, मागितलेला सगळा नाही, पण दुकान उभं राहण्याइतका.

कोणी अग्निशमनला काम करत असाल तर आजच एक करा, अपडेटनंतरची रात्री बारा ते साडेपाचमधली कुठलीही वर्दी घ्या, तिची प्रिंट काढा आणि रजिस्टरशेजारी ठेवून बघा. स्क्रीन बघून समाधान मानू नका. आमच्याकडे आता कुठलाही अपडेट आला की आधी पहाटे एकची टेस्ट वर्दी टाकतो, तिचा दाखला छापतो, ड्युटीवरचा फायरमन तो वाचून सही करतो आणि मगच बाकीचे दाखले निघतात.